नदीला पाणी किती ?

ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलांत विश्वामित्र आणि दोन नद्या ह्यांचा एक संवाद आहे. नद्या म्हणजे विपाश् आणि शुतुद्री. आजच्या भाषेंत बियास आणि सतलज. भरतांचा जमाव गाड्या-रथांसह कांठावर येऊन थांबला आहे, पलीकडे तर जावयाचें आहे, आणि ऋषि नद्यांची मनधरणी करीत आहे. त्याचें मागणें मोठें नाहीं. पाणी गाड्यांच्या आंसाच्या खालीं राहावें, एवढीच त्याची अपेक्षा आहे. काव्य क्षणभर बाजूला ठेवून पाहिलें तर नदीचें पाणी जोखण्याची ही आपल्या वाङ्मयांतील फार जुनी रीत होय. येथें वीत नाहीं, हात नाहीं, पुरुषभर खोलीहि नाहीं. माप आहे तें उतरूं पाहणाऱ्याच्या गाडीचें. जें पाणी रथाला उतार देतें, तेंच पायीं चालणाऱ्या मुलाला देईल असें नाहीं.

हें सूक्त येथें आठवण्याचें कारण सांगतों. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या घरांतील तरुण मंडळी नदीच्या खळाळांत नाव घालण्याकरितां म्हणून मुद्दाम प्रवास करूं लागली आहे. पुण्या-मुंबईचीं मुलें कोलाडला जातात. हौस आणि पैसा थोडा अधिक असला तर ऋषिकेश गांठतात. फुगविलेल्या रबरी नावेंत सहा-आठ जणांनीं वल्हीं घेऊन बसावयाचें, मागें एक माहितगार, आणि दगडाधोंड्यांतून उसळणाऱ्या पाण्यावरून खालीं जावयाचें, ह्याला रॅफ्टिंग म्हणतात. कयाक ही बहुधा एकट्याची निमुळती होडी. मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्यूट लोकांची, कातड्यानें मढविलेली. हल्लींची असते प्लॅस्टिकची, आणि ती उलटली तर आंत बसलेल्यानेंच वल्ह्याच्या फटक्यानें ती पुन्हा सुलटी करावयाची असते.

अशी सहल ठरली कीं घरांत दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांचा पक्ष नदीचें नांव काढतांच 'नको' म्हणतो. तरुणांचा पक्ष सांगतो कीं, अंगांत तरंगणारें जाकीट असतें, डोक्याला टोप असतो, बरोबर माहितगार असतो, मग भय कसलें? ह्या वादांत विचारावयाचा जो प्रश्न तो दोन्ही पक्षांकडून राहून जातो. त्या दिवशीं नदीला पाणी किती असेल, आणि तें चढतें असेल कीं उतरतें? जाकीट, टोप, माहितगार हे सर्व एका मर्यादेपर्यंतचे सोबती आहेत, आणि ती मर्यादा पाणी ठरवितें.

पावसाळ्यांत आपण नेहमीं ऐकतों कीं, खडकवासल्यांतून अमुक हजार क्युसेक पाणी सोडलें. क्युसेक म्हणजे एका सेकंदास एक घनफूट, म्हणजे २८ लिटरांहून किंचित् अधिक. हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरांचे जवळजवळ तीन टँकर दर सेकंदास डोळ्यांपुढून जाणें. सरकारी कागदांत क्युमेक असेंहि एक माप येतें. तें घनमीटराचें, आणि एक क्युमेक म्हणजे सुमारें ३५ क्युसेक. तेव्हां आंकड्यापुढचा शब्द आधीं वाचावा. गणिताच्या वर्गांत एकक लिहावयाचें विसरणाऱ्या मुलाचा अर्धा गुण जात असे. नदीवर तेवढ्यावर भागत नाहीं.

हा आंकडा मिळतो कसा, हेंहि समजून घेण्यासारखें आहे. वाहतें पाणी कोणी भांड्यानें मोजीत नाहीं. पुलाच्या खांबावर किंवा कांठावर खुणांची उभी पट्टी असते. तिच्यावरून पाण्याची पातळी वाचतात. निरनिराळ्या पातळ्यांच्या वेळीं पात्राची रुंदी, खोली आणि पाण्याचा वेग प्रत्यक्ष मोजून आधींच एक कोष्टक केलेलें असतें. त्यावरून पातळीचा प्रवाह काढतात. म्हणजे पातळी निराळी आणि प्रवाह निराळा. ऋषिकेशला गंगेची धोक्याची पातळी ३४०.५० मीटर धरतात. ही कांहीं गंगेची खोली नव्हे, समुद्रसपाटीपासूनची उंची होय. नाशिककरांना हें समजावून देण्याची गरज नाहीं. गोदावरीच्या पात्रांतील दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगाला पाणी लागलें, ह्यावरून ते वर्षानुवर्षें पुराचें मान सांगत आले आहेत. पुण्यांत भिडे पूल पाण्याखालीं गेला कीं सर्वांना समजावयाचें तें समजतें. मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी म्हणजे किती क्युसेक, हें पंचवटींतल्या आजीबाईंना सांगतां येणार नाहीं. पण तेवढ्या पाण्याला आपल्या दाराशीं काय होतें, हें त्यांना पक्कें ठाऊक असतें. उपयोगाचें ज्ञान तें हेंच. मात्र नाशिकचा मारुति नाशिकलाच; त्याचें माप सांगलीला चालणार नाहीं. त्याचप्रमाणें एका नदीवर जो आंकडा गमतीचा, तोच दुसऱ्या अरुंद नदीवर मृत्यूचा असूं शकतो.

ज्यांना असा कोणताहि आंकडा हातीं नव्हता त्यांचीहि एक गोष्ट आहे. अमेरिकेंतील कोलोरॅडो नदीच्या प्रचंड घळईंतून १८६९ सालीं जॉन वेस्ली पॉवेल हा, युद्धांत एक हात गमावलेला, गृहस्थ चार लाकडी होड्या आणि नऊ सोबती घेऊन उतरला. पुढें खळाळ कोठें, पाणी किती, ह्यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. एक होडी प्रवासाच्या आरंभींच फुटली. अखेरीस एका भयंकर खळाळापाशीं तिघे सोबती पाण्याला कंटाळून कडा चढून निघून गेले. ते मारले गेले, आणि जे पाण्यावर राहिले ते दोनच दिवसांनीं घळईच्या बाहेर सुखरूप पडले. हाच पॉवेल पुढें तेथील सरकारच्या भूगर्भखात्याचा मुख्य झाला, आणि त्याच्या कारकीर्दींत, १८८९ सालीं, न्यू मेक्सिको प्रांतांत रिओ ग्रांदे नदीवर एम्बुडो येथें त्या खात्याचें पहिलें प्रवाह मोजण्याचें ठाणें उभें राहिलें. हेतु शेतीच्या पाण्याचा होता, होड्यांचा नव्हता. पण आज जगांतला नावाडी जो आंकडा पाहून पाण्यांत उतरतो, तो अशाच ठाण्यांवरून येतो. आपल्या देशांत हें काम केंद्रीय जल आयोग आणि निरनिराळ्या राज्यांचीं पाटबंधारे-खातीं करतात.

आतां खळाळाकडे वळूं. यास्कानें निरुक्तांत नदी ह्या शब्दाची व्युत्पत्ति नाद करणारी अशी दिली आहे, आणि नाद होतो तो पाणी अडतें, आकुंचित होतें किंवा एकदम खालीं उतरतें म्हणून. एकच मोठा धोंडा डोळ्यांपुढें आणावा. पाणी कमी आहे तोंवर तो उघडा असतो. नाव त्याला अडते, आडवी होऊन चिकटते, आणि मागून येणारें पाणी तिला सुटूं देत नाहीं. पाणी वाढलें कीं धोंडा नुकता झांकला जातो. पाणी त्याच्यावरून उडी घेतें आणि पलीकडे आडव्या चक्रासारखें उलटें फिरून पुन्हा धोंड्याकडे येतें. नावाडी ह्याला 'होल' म्हणतात. भोंवरा उभ्या आंसाभोंवतीं फिरतो, हा आडव्या आंसाभोंवतीं. पण पकडण्यांत हा त्याचा थोरला भाऊ आहे. आणखी पाणी वाढलें कीं तोच धोंडा खोल बुडतो आणि वर नुसती लाट उरते. म्हणजे पाणी वाढल्यानें ती जागा सौम्य झाली ! 'जास्त पाणी म्हणजे जास्त धोका' असें सरसकट म्हणणाऱ्या आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना हें पटण्यास जड जातें, पण तें खरें आहे.

तथापि ह्यावर तरुणांनीं हर्ष मानूं नये. पाणी वाढतें तेव्हां कांठाजवळच्या, दगडांच्या आडच्या शांत जागा नाहींशा होतात. नाव थांबविण्याच्या आणि पडलेल्याला उचलण्याच्या जागा त्याच. मग एकदां पाण्यांत पडलेला माणूस दूरवर वाहत जातो. शिवाय पात्र भरून पाणी कांठच्या झाडाझुडपांत शिरतें. फांद्यांच्या जाळींतून पाणी गाळून पुढें जातें, माणूस जात नाहीं. तो तेथेंच दाबला जातो. आणि रेट्याचें गणितहि विसरतां येत नाहीं. रुंद पात्रांत प्रवाह दुप्पट झाला तर खोली साधारण दीडपट होते आणि वेग सुमारें एक-तृतीयांशानें वाढतो. हें ऐकावयास सौम्य वाटतें. पण पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. गुडघाभर पाण्यांत धट्टाकट्टा मनुष्य आडवा होतो तो ह्यामुळें. नावेंतून पडलेल्यानें उभें राहण्याचा प्रयत्न न करतां, पाय वर व पुढें ठेवून उताणें तरंगत जावें, असें शिकवितात तेंहि ह्याचकरितां. पाऊल दगडांच्या फटींत अडकलें तर मागचें पाणी माणसाला पुढें लोटून बुडवितें.

बुडलेले धोंडे सौम्य होतात, पण जेथें पात्रच आकुंचित आहे तेथें उलट घडतें. त्याच कोलोरॅडोवर क्रिस्टल नांवाचा एक खळाळ आहे. डिसेंबर १९६६ मध्यें बाजूच्या ओढ्यानें चिखल-धोंड्यांचा लोंढा आणून टाकला आणि पात्र अरुंद झालें. १९८३ च्या उन्हाळ्यांत बर्फ एकदम वितळलें, वरचें ग्लेन कॅन्यन धरण भरलें, आणि ९०,००० हून अधिक क्युसेक पाणी सोडावें लागलें. क्रिस्टलपाशीं एवढी लाट उभी राहिली कीं यंत्रांच्या मोठमोठ्या रबरी नावा उलथल्या आणि एका प्रवाशाचा प्राण गेला. भूगर्भखात्याच्या सुझन कीफर ह्या विदुषीनें पुढें त्या लाटेचें गणित मांडून दाखविलें: अरुंद जागेंतून सुटलेलें वेगवान पाणी खालच्या संथ पाण्यावर आदळून एकदम उंच होतें. त्या पुरानें अखेर अरुंद जागेचे कांठच खरवडून पात्र कांहींसें रुंद केलें. खळाळांची एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे. एक म्हणजे नुसती हलकी लाट, सहा म्हणजे प्राणसंकट. पण जाहिरातींत छापलेली प्रत ठराविक पाण्याची असते. पाणी बदललें कीं प्रतहि बदलते, आणि जाहिरात मात्र तीच राहते.

ह्याच संदर्भांत आपल्याकडील एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे महाराष्ट्रांत गांवोगांव आहेत. त्यांवरून पाणी सारखें, गुळगुळीत, कांचेसारखें पडत असतें आणि मुलांना ती पोहण्याची नामी जागा वाटते. पण धोंड्यामागचें तें आडवें चक्र येथें पात्राच्या ह्या कांठापासून त्या कांठापर्यंत सलग असतें. बाजूनें निसटावयास जागा नाहीं. पाणी अगदीं थोडें असतांना बंधारा निरुपद्रवी असतो, मोठ्या पुरांत तो पार बुडून जातो. ह्या दोहोंच्या मधलें, दिसावयास बेताचें असें जें पाणी, तेंच तेथें सर्वांत वाईट. कयाकवाल्या जाणत्या मंडळींना मोठ्या लाटांचें भय नसतें, बंधाऱ्याचें असतें.

आतांपर्यंत पाणी किती, हें पाहिलें. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग ह्याहून महत्त्वाचा आहे, आणि त्यासाठीं पुन्हा विपाशेच्या कांठीं गेलें पाहिजे. ८ जून २०१४ च्या संध्याकाळीं हिमाचल प्रदेशांतील मंडी जिल्ह्यांत, बियासच्या पात्रांतल्या दगडांवर, हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी उभे राहून छायाचित्रें घेत होते. वरच्या अंगाला लारजी येथें विजेच्या प्रकल्पाचें धरण आहे; तेथून पाणी सोडण्यांत आलें. त्यांत २४ विद्यार्थी वाहून गेले. हीं मुलें नावेंत बसलीं नव्हतीं, पोहावयासहि उतरलीं नव्हतीं. कोरड्या दगडांवर उभीं होतीं. त्यांना दिसत होतें तें पाणी खरोखरच थोडें होतें. प्रश्न त्या पाण्याचा नव्हताच. वरून निघालेल्या पाण्याचा होता. धरणांतून सुटलेलें पाणी लाटेच्या रूपानें येतें, आणि ती लाट नदीच्या पाण्याच्या सरासरी वेगाच्या साधारण दीडपट वेगानें खालीं धांवते. तरंगणाऱ्या पानाकडे पाहून 'अजून अवकाश आहे' असा हिशेब करणारा फसतो, तो ह्यामुळें.

कोलाडची नदी तर सर्वस्वीं अशा सोडलेल्या पाण्यावर चालणारी आहे. ही कुंडलिका. सह्याद्रीच्या वर मुळशी येथें टाटांच्या कंपनीनें मुळेचें पाणी अडविलें. ह्याच धरणाच्या विरोधांत सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं १९२१ पासून मुळशीचा सत्याग्रह झाला, हें वाचकांस ठाऊक आहेच. अडविलेलें पाणी नळांतून सुमारें पांचशें मीटर खालीं भिरा येथें आणतात. तेथील विद्युद्गृह १९२७ सालीं सुरू झालें. जें पाणी पुण्यावरून, भीमेंतून, कृष्णेंतून बंगालच्या उपसागराला जावयाचें, तें अशा रीतीनें कोंकणांत उतरून रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्रास मिळतें. कोंकणांतल्या इतर नद्या चैत्र-वैशाखांत खडखडीत होतात, पण कुंडलिका वाहते ती मुंबईच्या दिव्यांच्या आणि यंत्रांच्या कृपेनें. वीज हवी असली कीं पाणी सुटतें, काम थांबलें कीं उतरतें. म्हणून तेथील रबरी नावा बहुधा सकाळीं, पाणी येण्याच्या वेळेला बांधलेल्या असतात. सुमारें बारा-चौदा किलोमीटरांच्या त्या टापूंतील खळाळ सामान्यतः दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे. माहितगाराबरोबर नवख्यानेंहि जावें, असे. पाणी मोजून सोडलेलें असल्यामुळें उन्हाळ्या-हिंवाळ्यांत ह्या नदीवर अंदाजाचें काम सोपें आहे.

पावसाळ्यांत तसें नाहीं, आणि गर्दी तर पावसाळ्यांतच. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस कोणी झडप फिरवून बंद करीत नाहीं. ओढ्या-नाल्यांचें पाणी विजेच्या पाण्यांत मिसळतें, आणि कोंकणांतल्या नद्या आंखूड व उताराच्या असल्यामुळें घाटावर पडलेला पाऊस कांहीं तासांतच खालीं पोंचतो. कोलाडला ऊन असून नदी चढूं शकते. 'आम्ही निघालों तेव्हां पाऊस नव्हता' हें वाक्य तेथें अर्थशून्य आहे. पाऊस घाटावर होता कीं नाहीं, एवढेंच विचारावयाचें.

गंगेचें मान निराळें. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी मिळून गंगा होते. तेथून खालीं कौडियाला, शिवपुरी, ब्रह्मपुरी असा ऋषिकेशपर्यंतचा टापू नावांचा. भागीरथीवर टेहरीचें २६० मीटरांहून उंच धरण आहे आणि त्याच्याखालीं कोटेश्वरचें. त्यामुळें ह्या शाखेचें पाणी पुष्कळसें माणसाच्या हातीं आहे. हिंवाळ्यांत गंगा हिरवी, स्वच्छ आणि उतरलेली असते. तेव्हां धोंडे उघडे आणि पाणी असह्य थंड. उन्हाळ्यांत बर्फ वितळूं लागलें कीं ती दुधाळ-करडी होऊन भरते. हिमालयांतल्या उंचावरच्या नद्यांना तर दिवसाचाहि भरती-ओहोट असतो. दुपारच्या उन्हानें वितळलेलें पाणी सायंकाळीं किंवा रात्रीं खालीं पोंचतें, म्हणून तेथें पहांटेचा उतार हा खरा उतार. चातुर्मासाच्या आरंभीं, पावसाळा लागला कीं ऋषिकेशच्या नावा दरवर्षीं बंद करतात आणि बहुधा सप्टेंबरांत पुन्हा सुरू होतात. ह्या बंदीवर कुरकुर करणारे तरुण मला भेटले आहेत. त्यांना मी एवढेंच सांगतों कीं, ७ फेब्रुवारी २०२१ रोजीं, निरभ्र आकाश असतांना, चमोली जिल्ह्यांत पर्वताचा बर्फासकट कडा कोसळून ऋषिगंगा आणि धौलीगंगा ह्यांना जो लोंढा आला त्यांत दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. तो हंगाम तर सुरक्षित समजला जाणारा होता. मग ज्या महिन्यांत नदी उघड उघड सांगत असते, त्या महिन्यांत तरी तिचें ऐकावयास काय हरकत आहे?

कांठावर पोंचल्यावर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहण्यासारखें थोडें आहे, पण तें सर्वांना जमण्यासारखें आहे. पाण्याच्या अगदीं कडेला एक काटकी रोवावी किंवा एखाद्या दगडावरची खूण लक्षांत ठेवावी, आणि कपडे बदलून, सूचना ऐकून होईपर्यंत पुन्हा पाहावी. पाण्याच्या वर दगडावर ओला पट्टा दिसला, आणि तो पावसाचा किंवा लाटांच्या शिंतोड्यांचा नसला, तर नदी उतरते आहे. कडेचें गवत कोरडें असून पाण्यांत उभें दिसलें तर ती चढते आहे. स्वच्छ पाणी एकाएकीं गढूळ झालें, पालापाचोळा, काटक्या, फेंस वाहत येऊं लागला, तर वरती कोठें तरी कांठ धुतले जात आहेत. आंकड्याची वाट न पाहतां वर यावें. पाण्याखालून दगड गडगडल्याचा बद्द आवाज येऊं लागला तर यास्काचार्यांच्या व्युत्पत्तीची वेगळी परीक्षा करण्याचें कारण नाहीं. शांत पाण्यापेक्षां चढतें पाणी वाईट, हा भेद घरांतल्या दहा वर्षांच्या मुलालाहि समजतो. त्याला काटकी रोवावयास सांगावी, तो आनंदानें पहारा करील.

राहिलें तें घरांतून निघण्यापूर्वींचें. ज्याच्या हातीं मुलें सोंपवावयाचीं त्याच्याशीं दूरध्वनीवरून बोलण्याचें काम मुलांवर न टाकतां घरांतील एखाद्या जाणत्या माणसानें करावें. सुनेनें केलें तर अधिकच चांगलें, कारण पाण्याचे प्रश्न आमच्या पिढीपेक्षां त्या नेमके विचारतात. त्या दिवशीं पाणी कोठून येणार आणि केव्हां येणार; वरच्या धरणाशीं त्याचा संपर्क कोणामार्फत असतो; कोणत्या खुणेच्या वर पाणी गेलें असतां तो नाव घालीत नाहीं, आणि ती खूण कोणती. खूण कशाची हें सांगतां न आलें, नुसतें 'आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे' असें उत्तर आलें, तर दुसरा माणूस पाहावा. आणि शेवटीं पैशांची गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. पाण्यामुळें नाव निघाली नाहीं तर भरलेली रक्कम तो परत करतो काय, कीं दुसरा दिवस देतो? तो कांहींच परत करीत नसेल तर कांठावर उभ्या असलेल्या आठ मुलांना पैसे वसूल करावयाचे असतात आणि त्याला ते राखावयाचे असतात. अशा वेळीं काटकीकडे कोणी पाहत नाहीं.